क्षमेचा अधिकार

ख्रिस्ती धर्माविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन समजुती फार दिवसांपासून रूढ आहेत. पहिली अशी की, हा धर्म आपल्या अनुयायांस दुसऱ्याचा न्याय करण्याची मनाई करतो. आणि दुसरी अशी की, कोणत्याही अपराध्यास, कितीही वेळा, बिनशर्त क्षमा करण्याची तो आज्ञा करतो. ह्यावरून कोणास हा धर्म साधुसंतांपुरताच आहे, प्रपंचात त्याचा उपयोग नाही, असे वाटते. कोणास ती दुबळ्यांची सोय वाटते. आणि खुद्द काही ख्रिस्ती गृहस्थांसही आपणास क्षमा करता येत नाही, तेव्हा आपण खरे ख्रिस्ती नव्हे, अशी रुखरुख लागून राहते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाची बायबलाशी सोबत सुटत नाही, आणि त्या सोबतीत हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. त्यावर विचार करता मला असे वाटू लागले आहे की, निवाडा आणि क्षमा ह्या परस्परविरोधी गोष्टी नव्हेतच. निवाड्यावाचून क्षमा संभवत नाही. खरा वादाचा मुद्दा क्षमा करावी की न करावी हा नसून, ती करण्याचा अधिकार कोणाचा, हा आहे.

एक उदाहरण घेऊ. इ. स. १९९९ च्या जानेवारी महिन्यात, २२ तारखेच्या रात्री, ओडिशातील मनोहरपूर ह्या खेड्यात ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आणि त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे आपल्या मोटारीत झोपले असता जमावाने त्या मोटारीस आग लावून तिघांस जिवंत जाळले. बारिपदा येथील कुष्ठाश्रमाशी स्टेन्स यांचा संबंध तीस वर्षांहून अधिक काळाचा होता. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी, मारेकऱ्यांस मी क्षमा केली आहे, माझ्या मनात त्यांच्याविषयी कटुता नाही, अशा आशयाचे उद्गार थोड्याच दिवसांत काढले, आणि त्या कुष्ठरोग्यांची सेवा करीत आणखी काही वर्षे तेथेच राहिल्या. ही वार्ता ऐकून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याच वेळी एक वेगळा सूरही निघाला. बाईंनी क्षमा केली असेल. पण त्या दोन मुलांच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क तिला कोणी दिला? आणि जिने क्षमा केली तिच्यासमोर न्यायालयाने तरी शिक्षा कोणत्या तोंडाने द्यावी? हे प्रश्न मला कुत्सित वाटत नाहीत. त्यांचे उत्तर भक्तिभावाच्या भरात टाळण्यासारखेही नाही.

प्रथम मूळ वचनांकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानात जे गिरिप्रवचन आहे, त्यात दुसऱ्याचा न्यायाधीश होऊन बसण्याविरुद्ध इशारा आहे, ही गोष्ट खरी. त्या इशाऱ्याला लागूनच जो दृष्टांत येतो तो मराठी वाचकास परका नाही, कारण कुसळ आणि मुसळ ही जोडी आपल्या म्हणीतच बसलेली आहे. परंतु त्या दृष्टांताचा शेवट आपण बहुधा विसरतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ तसेच राहू द्यावे, असे तेथे सांगितलेले नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले काढावे, म्हणजे दुसऱ्याचे काढण्याइतके स्वच्छ दिसू लागेल, असा त्याचा रोख आहे. कुसळाला फूल म्हणावे, असे येशूने कोठेही सुचविलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपावरून एका स्त्रीस दगडांनी मारण्यासाठी आणतात, तो प्रसंगही असाच आहे. आणणारे एकेक करून निघून जातात, येशू तिला दोषी ठरवीत नाही. परंतु पुन्हा पाप करू नकोस, असे तो तिला बजावतो. म्हणजे शिक्षा उठली, पण कृत्याचे नाव बदलले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या जमावाने आणली ती एकटी स्त्री. तिच्याबरोबरचा पुरुष कोठे होता, ह्याची चौकशी कोणी केली नाही. एकतर्फी न्यायाची ही रीत पुरातन आहे.

यावरून निवाड्याचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक कृत्याचा निवाडा, आणि दुसरा माणसाचा. परीक्षकाने एखादे उत्तर चुकीचे ठरविले, तर तो त्याच्या कर्तव्याचा भाग झाला. परंतु त्या उत्तरावरून हा मुलगा जन्मभर काही उपयोगाचा नाही, असा शेरा त्याने मारला, तर त्याने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले. कृत्य डोळ्यांसमोर असते. त्याचे साक्षी असतात. त्याने कोणास काय सोसावे लागले, हे मोजता येते. माणसाचे अंतःकरण मात्र असे समोर मांडता येत नाही, आणि त्याचा शेवट अजून व्हायचा असतो. गिरिप्रवचनातली मनाई ह्या दुसऱ्या निवाड्याला आहे, असे मी समजतो. ती मोडली म्हणजे काय होते, हे पाहण्यास युरोपात जाण्याची गरज नाही. आपला पश्चिम किनारा त्यास पुरेसा आहे.

नवी मुंबईतील ज्या सारसोळे गावात मी राहतो, तेथून खाडी ओलांडली की मुंबई बेट लागते. हे बेट इ. स. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने गार्सिया द ओर्ता नावाच्या एका वैद्यास खंडाने दिले होते. आपल्या देशातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि पुढे युरोपभर गाजला. गार्सिया हा जन्माने ज्यू घराण्यातला. पोर्तुगालात त्या समाजास सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. तो १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीस, ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते, ह्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. आणि १५८० साली, तो मेल्यानंतर बारा वर्षांनी, त्याच आरोपावरून खुद्द गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. हा निकाल देणारी संस्था म्हणजे गोव्याचे इन्क्विझिशन. ते १५६० साली स्थापन झाले, १७७४ मध्ये बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे उठले. प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहून तो इतिहास आपल्यापुढे ठेवला आहे.

ह्या न्यायसभेचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांवर चाले. म्हणजे हा ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांचा केलेला न्याय होता. शार्ल डेलॉन नावाच्या एका फ्रेंच वैद्यास १६७३ साली दमण येथे पकडून, वाटेत वसईच्या तुरुंगात ठेवून, गोव्यास नेण्यात आले. १६७६ च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावली गेली. सुटकेनंतर त्याने १६८७ साली आपली हकीकत प्रसिद्ध केली. तीवरून असे दिसते की, कैद्यावर आरोप काय आहे आणि तो कोणी केला, हे त्याला सांगत नसत. त्याने स्वतःच आपला अपराध आठवून कबूल करावा, अशी अपेक्षा असे. पश्चात्ताप हा जो माणसाच्या मनातला अत्यंत खाजगी व्यवहार, तो येथे कारकुनाच्या दप्तरात वसूल केला जाई. ह्या सभेच्या निशाणावर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात जैतुनाची फांदी घेतलेल्या संताचे चित्र होते, आणि त्यावर न्याय आणि दया हे दोन शब्द लॅटिनमध्ये लिहिलेले होते. पण दयेची खरी कहाणी पुढेच आहे. इन्क्विझिशन स्वतः कोणाचाही प्राण घेत नसे. दोषी ठरलेला मनुष्य ते सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करी, आणि हवाली करताना त्याच्याशी दयेने वागावे अशी विनंतीही करी. त्या विनंतीचा अर्थ काय, हे अधिकाऱ्यास, न्यायाधीशास आणि त्या कैद्यासही पुरते ठाऊक असे.

ह्या संस्थेचा दोष ती क्रूर होती एवढाच मानला, तर आपण तिला फार स्वस्तात सोडतो. त्या काळी युरोपातील सरकारी न्यायालयेही छळ करीतच होती. तिचा खरा दोष असा की, ज्या गोष्टीत कोणाचेही नुकसान झाले नव्हते, तिला तिने अपराध ठरविले. आणि ज्या क्षमेची देणगी देण्याचा तिला काहीच अधिकार नव्हता, ती क्षमा ती वाटू लागली. गार्सिया द ओर्ताने कोणाचे काय बुडविले होते? त्याची हाडे जाळून कोणाची भरपाई झाली?

परंतु हा दोष केवळ त्या धर्माच्या वाट्याला आला, असे समजून आपण समाधान मानू नये. पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण मराठी वाचकांस ठाऊक आहे. १८९० च्या ऑक्टोबरात त्या मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा एक कार्यक्रम झाला. हजर असलेल्यांची नावे छापून आली. आणि त्यावरून जे ग्रामण्य माजले त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांसही प्रायश्चित्ताचा प्रश्न सुटला नाही. चौकशीमंडळ बसले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल त्यांच्या सुधारक मित्रांनीच त्यांस दोष दिला. एका पेल्यातील चहाने कोणाची हानी झाली होती? येथेही अपराध होता, पण अपराधाने दुखावलेला मनुष्य नव्हता. आणि जेथे दुखावलेला मनुष्य नाही, तेथे क्षमा करणारा कोण? उरतो तो केवळ दंड आणि दक्षिणा. ज्या समाजाची न्यायसभा अशा गोष्टींत गुंतून राहते, त्यात खऱ्या जखमांची दाद लागत नाही, हे दोन्ही धर्मांचे सारखेच दुखणे आहे.

ह्या दुखण्याची जाणीव महाराष्ट्रात ज्यांस सर्वांत तीव्रपणे झाली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागेल. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी जे काम करीत, ते त्यांनी पाहिले होते. अशा स्त्रियांशी कोणी ममतेने वागते, हीच गोष्ट त्यांस नवी वाटली. ह्यामागचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा तेथील एका भगिनीने त्यांस येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. आणि आपल्या मनावर तिचा किती परिणाम झाला, हे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतर केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले, त्याच्या जोडीला अशाच स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान काढले आणि त्याला कृपासदन हे नाव दिले.

क्षमासदन असे नाव त्यांनी दिले नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते. त्यांचा हेतू काय होता, हे मी सांगू शकत नाही. पण शब्द अचूक पडला आहे, एवढे निश्चित. कारण तेथे येणाऱ्या अनेकींनी कोणाचा अपराध केला होता, हा प्रश्नच होता. बालपणी लग्न, पाठोपाठ वैधव्य, मग कोणा आप्ताचाच अत्याचार, आणि शेवटी घराबाहेर: हा ज्यांचा वृत्तांत, त्यांस क्षमा करणारे आपण कोण? त्यांस क्षमा नको होती. त्यांच्यावरचा अन्यायी निवाडा उठविला जाणे हवे होते. आपण पुष्कळदा निरपराध माणसाला मोठ्या मनाने क्षमा करतो, आणि त्यात त्याचा पुन्हा एकदा अपमान होतो. त्याच रमाबाई आपल्या नव्या धर्मबांधवांच्या निवाड्यापुढेही वाकल्या नाहीत. ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला, त्यांनी धर्ममताच्या बाबतीत आज्ञापालनाची अपेक्षा केली, तेव्हा एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. ममता आणि सत्ता एकाच हातातून येतात, तेव्हा पहिलीबद्दल कृतज्ञ राहून दुसरीला नकार देणे किती कठीण असते, हे त्या पत्रव्यवहारात दिसते.

आता घरातल्या क्षमेकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या संसारावर त्यामुळे जो आघात झाला, तो त्यांच्या स्मृतिचित्रांनी मराठी घराघरांत पोचविला आहे. टिळकांनी जे केले ते आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून केले, ह्यात शंका नाही. पण त्याची किंमत त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही. पत्नीला त्यासाठी जवळजवळ पाच वर्षे वेगळे राहावे लागले, लोकांची बोलणी ऐकावी लागली. पुढे ती पतीजवळ राहावयास आली तीही प्रथम आपला आचार सांभाळूनच. आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचाराने. पापाच्या हेतूवाचूनही मनुष्य दुसऱ्याचा मोठा अपराधी होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण आहे.

स्मृतिचित्रे १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झाली. तेव्हा टिळकांस जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्या ग्रंथाचे नैतिक तेज मला असे वाटते की, त्यात लक्ष्मीबाईंनी काहीही झाकलेले नाही. टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, हातातला पैसा वाटेत देऊन टाकण्याची त्यांची सवय, आणि त्या सर्वांचा घरच्या बाईस झालेला त्रास त्यांनी हसतहसत पण नेमका सांगितला आहे. हिशेब लपविलेला नाही, आणि वसूलही केलेला नाही. जिला निवाडा करता येत नव्हता म्हणून तिने क्षमा केली, असे ह्या बाईविषयी कोणी म्हणू शकणार नाही. निवाडा तिचा पक्का होता. म्हणूनच क्षमेला वजन आले.

हिशेबाची ही उपमा मी मुद्दाम वापरली. ख्रिस्ती प्रार्थनेत पापाची क्षमा मागताना ऋण हा शब्द येतो, हे मराठी बायबल वाचणारांस माहीत आहे. मत्तयाच्याच शुभवर्तमानात एका चाकराचा दृष्टांत आहे: राजाने त्याचे अवाढव्य कर्ज सोडले, आणि त्याने बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा क्षुल्लक पैशासाठी गळा धरला. ह्या दृष्टांतात राजा जे कर्ज सोडतो ते राजाचेच आहे, आणि चाकर जे सोडत नाही ते चाकराचे आहे. कर्ज सावकारानेच सोडावयाचे असते. तिऱ्हाइताने येऊन, तुझे देणे मी माफ केले, असे ऋणकोस सांगावे, ह्याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. क्षमेच्या बाबतीत ही तुळशीपत्रे फार ठेवली जातात.

त्याचे अलीकडचे अत्यंत दुःखद उदाहरण ख्रिस्ती जगातच घडले. २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन ग्लोब ह्या वृत्तपत्राने असे उघडकीस आणले की, बालकांवर अत्याचार केल्याची तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती अशा धर्मगुरूंची त्या शहराच्या धर्मप्रांताने वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये बदली करून प्रकरणे मिटविली होती. तेथील कार्डिनलांस त्याच वर्षाच्या डिसेंबरात पद सोडावे लागले. अशा वेळी जी भाषा वापरली जाते ती पश्चात्तापाची, दुर्बल मानवी स्वभावाची, नव्या संधीची, म्हणजे क्षमेचीच असते. पण ज्या मुलाचे बालपण नासले, त्याला कोणी विचारले? पापनिवेदनात धर्मगुरू जी क्षमा उच्चारतो ती ईश्वराच्या ऋणापुरती असते. मनुष्याचे जे नुकसान केले ते भरून देण्याचे कर्तव्य तीमुळे सुटत नाही, अशी त्या चर्चचीच शिकवण आहे. तिच्याकडे पाठ फिरविली, तेव्हा क्षमा ही अपराध्यांची ढाल झाली. २००० सालच्या मार्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर उपासनेत, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी जी असहिष्णुता दाखविली तिच्याबद्दल ईश्वरापाशी क्षमा मागितली. ती याचना प्रामाणिक होती असे मी मानतो, आणि तिचे मोलही मानतो. पण गार्सिया द ओर्ताच्या बहिणीचे ऋण तिने फिटले, असे मला म्हणवत नाही. ते सोडणारी व्यक्ती आता नाही. अशा ऋणाची कबुली देता येते, त्यातून धडा घेता येतो, जिवंत वारसांशी न्यायाने वागता येते. पण बाकी शून्य दाखविता येत नाही.

दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणे हा जसा एक अन्याय, तसाच दुसऱ्याकडून क्षमा वसूल करणे हा त्याचाच भाऊ. ह्या अन्यायाला आपल्या मध्यमवर्गीय घरांत धर्मभेद नाही. सुनेने विसरून जावे, धाकट्याने मोठ्याचे मनावर घेऊ नये, बहिणीने वाटणीचे शब्द पुन्हा काढू नयेत. ज्याला लागले त्यानेच मोठे मन करावे, हा आपला गृहनियम आहे. ख्रिस्ती घरांत ह्याला शास्त्राचा आधार मिळतो, आमच्या घरांत संस्कारांचा. थुंकणाऱ्याला न रागावता पुनःपुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या नाथमहाराजांची कथा आपण मुलांना सांगतो, आणि सांगावी; पण त्या कथेत थुंकणाऱ्याने नाथांना क्षमेचा उपदेश केलेला नाही, एवढे लक्षात ठेवावे. क्षमा मागितली जाऊ शकते; ती करावी अशी प्रार्थना होऊ शकते; पण ती कर म्हणून लावता येत नाही. जिला नाही म्हणण्याची मोकळीक नाही, तिने म्हटलेल्या होकाराला क्षमा हे नाव शोभत नाही.

ही मोकळीक असली म्हणजे क्षमा किती दूर जाऊ शकते, हे इंदूरच्या बाजूला घडलेल्या एका प्रकरणात दिसते. राणी मारिया ह्या केरळी भगिनी त्या भागातील भूमिहीन, कर्जबाजारी आदिवासींत काम करीत. १९९५ च्या फेब्रुवारीत चालत्या बसमध्ये त्यांचा भोसकून खून झाला. मारेकरी समंदरसिंग यास जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, २००२ साली तुरुंगात जाऊन त्यास राखी बांधून आली. पुढे त्या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ साली तो सुटला. त्याने आपला अपराध उघडपणे कबूल केला व पश्चात्ताप व्यक्त केला. येथे क्षमेच्या पलीकडची एक पायरी गाठली गेली. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात. पश्चात्ताप ही क्षमेची अट नसेल, पण समेटाची ती अट आहे. ह्या दोहोंत गल्लत केली म्हणजे, क्षमा केलीस ना, मग त्याच्याशी पूर्वीसारखी का वागत नाहीस, असा प्रश्न दुखावलेल्या माणसालाच विचारला जातो.

आता आरंभी घेतलेल्या दोन आक्षेपांचे उत्तर देता येईल. न्यायालयाने शिक्षा कोणत्या तोंडाने द्यावी? ह्याचे उत्तर ग्लॅडिस स्टेन्स यांनी स्वतःच दिले होते: क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम ह्यांची सरमिसळ करू नये, असे त्या म्हणाल्या. त्यांनी सोडले ते आपले ऋण. समाजाचे ऋण वेगळे होते, आणि त्याचा हिशेब न्यायालयांनी आपल्या रीतीने केला. मुख्य आरोपीस २००३ साली फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पोप जॉन पॉल यांच्यावर १९८१ साली गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाला त्यांनी लगोलग क्षमा केली, १९८३ साली त्याच्या कोठडीत जाऊन त्याला भेटले. तरी इटलीच्या तुरुंगातून तो २००० साली सुटला. क्षमेमुळे कायदा लटका पडला नाही, आणि कायद्यामुळे क्षमा खोटी ठरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. त्या दोन मुलांच्या वतीने आई क्षमा करू शकते काय? माझ्या विचाराप्रमाणे, नाही. आणि त्यांनी तसा दावा केल्याचे मला दिसत नाही. आईचे जे हिरावले गेले, ते तिचे होते. ते तिने सोडले. दहा व सहा वर्षांच्या त्या मुलांचे जे आयुष्य हिरावले गेले, ते त्यांचे होते. श्रद्धाळू ख्रिस्ती मनुष्य म्हणेल की, तो हिशेब ईश्वराच्या हाती आहे, आणि अंतिम न्याय तोच करील. किंबहुना अंतिम न्याय त्याच्या हाती आहे, ह्या विश्वासामुळेच आपले ऋण सोडण्याचे बळ त्याच्या अंगी येते. माझ्यासारख्याला त्या विश्वासाचा आधार नाही. माझ्या वहीत ते ऋण तसेच उभे आहे. कोणाच्याही क्षमेने ते पुसले जात नाही, कोणाच्याही फाशीनेही फिटले नसते. आणि मला वाटते की, ते उभे आहे ह्याची आठवण ठेवणे हेच आपणा तिऱ्हाइतांचे काम आहे. क्षमा करण्याचा अधिकार आपला नाही. विसरण्याचा तर मुळीच नाही.